मानववंशशास्त्रज्ञ कसा घडतो? : पांढुर्ण्याच्या निमित्ताने

सौंसरच्या बसस्थानकासमोर चहा घेताना मी टपरीवाल्याला विचारले, "तुम्ही घरी मराठीच बोलता का?" विचारताना मनात आपण काहीतरी मोठा शोध लावतो आहोत अशी भावना होती, हे कबूल करतो. त्याने ग्लास विसळत उलट विचारले, "तुम्ही कुठचे जी?" गोव्याचा म्हटल्यावर तो थांबलाच. "गोव्याचे? तिथं बी मराठी बोलतात का?"

झाले! अभ्यासक मी, आणि अभ्यासाचा नमुनाही मीच.

२०२४ च्या पोळ्याची ही गोष्ट. माझी मावसबहीण नागपूरला दिलेली. तिच्या नवऱ्याचे आजोळ पांढुर्ण्याला. चवथ चार दिवसांवर आलेली असताना रजा टाकून निघालो म्हणून घरी बोलणी खाल्ली. पण 'गोटमार' एकदा डोळ्यांनी पाहायची होती.

सौंसर आणि पांढुर्णा हे मध्य प्रदेशातले मराठी मुलूख. सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरला लागून. जुन्या मध्य प्रांतात नागपूर काय, छिंदवाडा काय, एकाच सरकारखाली होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसेही राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. पाट्या हिंदीत, घरातले बोलणे मराठीत. भाषा आणि राज्य यांची सांगड कशी बसते, कशी बसत नाही, हे आम्हा गोवेकरांना कोणी समजावून सांगायला नको. १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा आपल्या घराघरात आहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात, आणि पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मध्ये पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्णेकरांनी तो काढायचा, सावरगावकरांनी राखायचा, आणि दोन्हीकडून गोटे. खरेखुरे दगड. गोष्ट अशी सांगतात, की पांढुर्ण्याच्या एका मुलाने सावरगावची मुलगी पळवली, नदी ओलांडताना दोघांवर दगड पडले आणि त्यात ती दोघे गेली. झेंडा हाती आला की तो चंडी मातेच्या देवळात जातो. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी पुन्हा दगडच उचलले.

मी गच्चीवर वही घेऊन उभा होतो. किती वाजता काय झाले, कोण कुठून धावले, सगळे टिपत होतो. खाली भावजींच्या मामी (म्हणून आमच्याही मामी) हळद आणि स्वच्छ फडकी काढून ठेवत होत्या. त्यांचा धाकटा मुलगा नदीवर गेला होता. मी वहीतला पुढचा प्रश्न विचारला, "मामी, एवढी माणसे जखमी होतात, तर हे बंद का करत नाही?" त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मग म्हणाल्या, "ते वही ठेवा न बाजूला. आधी जेवून घ्या." मुलगा संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून आला तेव्हा कुठे त्या जेवल्या. माझ्या वहीत या गोष्टीला रकाना नव्हता.

परतीच्या वाटेवर एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. माणसांचा अभ्यास करणारा माणूस घडतो तरी कसा?

याच नागपूर मुलखात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी आला. आला धर्मप्रसाराला, पण त्याला नाद लागला दगडांचा आणि माणसांचा. खडक-जीवाश्म गोळा करता करता तो गोंडांपर्यंत पोचला. लिंगोची जी कथा परधान गातात, ती त्याने एका परधानाकडून उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याची टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापली. मानववंशशास्त्राची पदवी त्याला कोणी दिली नव्हती.

पुढे सरकारी पद्धत आली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ चे. हिरालाल सरकारी नोकर, म्हणून मला त्यांच्याबद्दल आपुलकी. जातीचे नाव, लग्नाची रीत, देव, धंदा, सगळे ओळीने लावलेले. काम प्रचंड, आजही उपयोगी. पण ते रकाने मला फार ओळखीचे वाटतात. मीही रोज तेच भरतो. रकान्यातला माणूस कधी उलट प्रश्न विचारत नाही.

उलट प्रश्न ऐकायचा तर तिथे राहावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की ट्रोब्रिअंड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिला आणि क्षेत्रकार्याचा धडा घालून दिला, असे पुस्तके सांगतात. १९६७ मध्ये त्याची खासगी डायरी छापली गेली तेव्हा कळले, की हा थोर माणूस तिथे चिडचिडत होता, त्या लोकांना मनात नावे ठेवत होता. अनेकांना धक्का बसला. मला मात्र जरा धीर आला.

आपल्या बाजूचे उदाहरण शामराव हिवाळे यांचे. हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ १९३२ साली व्हेरिअर एल्विनबरोबर मैकल डोंगरांतल्या करंजियाला गेले. गेले ते शाळा आणि दवाखाना चालवायला, गोंडांची सेवा करायला. एल्विनचे नाव जगभर झाले, हिवाळ्यांचे मागे राहिले. पण हिस्लॉपने ज्यांच्याकडून लिंगोची कथा घेतली त्या परधानांवर १९४६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो हिवाळ्यांनी. वर्षानुवर्षे शेजारी राहून झालेली ही ओळख होती.

याउलट इरावती कर्वे. त्या पूर्ण शिकलेल्या. बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. कवटीच्या ठेवणीचा वंशाशी संबंध लागतो, हे गुरूचे गृहीत होते. मोजमापातून ते सिद्ध होत नाही, असे या विद्यार्थिनीने प्रबंधात मांडले. धैर्य लागते त्याला! पण त्यांचे जे लेखन आपल्या मनात राहते त्यातले एक पंढरीच्या वारीवरचे, 'वाटचाल'. तिथे त्या दिंडीबरोबर पायी चालल्या. एकाच विठ्ठलाला निघालेल्या एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे पाहून त्या व्याकुळ झाल्या, आणि ते दुःख त्यांनी लपवले नाही. मोजपट्टी हाती असणे वेगळे आणि पंगतीत बसायची पाळी येणे वेगळे.

आणि आपले दामोदर कोसंबी. १९०७ चा गोव्यातला जन्म, व्यवसायाने गणिती. पुण्यातल्या घराजवळच्या टेकड्या पालथ्या घालताना त्यांना अश्मयुगीन हत्यारे सापडू लागली. म्हसोबाचे शेंदरी दगड, वेशीवरच्या देवी, घराशेजारी येऊन उतरणारे फासेपारधी यांच्याकडे ते इतिहासाचा पुरावा म्हणून पाहू लागले. त्यातूनच १९६२ चे त्यांचे 'मिथ अँड रिॲलिटी' हे पुस्तक उभे राहिले. रोज पाहिलेला शेंदरी दगड पुन्हा नव्याने पाहणे, हेच त्यांचे क्षेत्रकार्य.

या साऱ्यांत समान काय? जे काम घेऊन निघाले ते मागे पडले आणि समोरच्या माणसाने दुसरेच काम हाती दिले. मिशनरी, समाजसेवक, कवट्या मोजणारी विदुषी, गणिती... पदवी कशाचीही असो. मला वाटते, माणूस मानववंशशास्त्रज्ञ होतो तो पहिला प्रश्न विचारतो तेव्हा नाही. त्याला उलट प्रश्न येतो आणि तो टाळून पळता येत नाही, तेव्हा कुठे सुरुवात होते.

माझ्यावर ती वेळ वर्षाच्या आत आली. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसे दगावली. बाहेरच्या लोकांनी लगेच अंधश्रद्धा, अडाणीपणा असे लिहायला घेतले. मला राग आला. धोंडांचे व्रत, सोवळे, तळीवरची आंघोळ, अग्निदिव्यापूर्वीची ती रात्र यांना काय ठाऊक? लहानपणापासून मी ती जत्रा पाहत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. आमच्या घरचे कोणी गेले नव्हते ना, हे आधी विचारले. मग जरा थांबून म्हणाल्या, "मंग आता तुम्ही बंद करता का जी तुमची जत्रा?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मी गच्चीवर विचारला तसाच साधा प्रश्न होता तो. गोटमारीत मुद्दाम दगड मारतात, इथे गर्दीत अपघात झाला, हा फरक माझ्या जिभेवर आला होता. पण मेलेल्याच्या घरी तो फरक कोण सांगणार? आणि गर्दी आवरणे, वाट मोकळी ठेवणे हे तरी आपण सगळ्यांनी करायला नको होते का? यातले मी काहीच बोललो नाही. "बघू मामी," एवढेच म्हणालो.

ती पांढुर्ण्याची वही मी पुन्हा काढली. 'बंद का करत नाही?' या प्रश्नापुढे जागा कोरी होती. तिथे मामींचा प्रश्न लिहिला, खाली तारीख घातली. उत्तराची जागा अजून कोरीच आहे.