गादी, माती आणि अंतिम लढत

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. मी वाईहून मुद्दाम गेलो होतो. पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरवर ५-४ अशी मात केली. शेजारी बसलेले एक म्हातारे वस्ताद म्हणाले, “भाऊ, मातीतनं आलेलं पोर गादीवर उभं केलं, मग एक गुण कुठं गेला, ते काय विचारायचं?” घरी आल्यावर मी कात्रणांची वही उघडली.

या स्पर्धेची रचना अशी : गादी आणि माती असे दोन विभाग, प्रत्येकाचा एक विजेता, आणि त्या दोघांत किताबाची लढत. मात्र ही शेवटची लढत गादीवर होते.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची, म्हणजे एनबीएची, मांडणीही अशीच आहे. तेथे पूर्व आणि पश्चिम असे पंधरा-पंधरा संघांचे दोन विभाग आहेत. २०१३-१४ च्या हंगामात पश्चिमेतील फिनिक्स संघ ४८ सामने जिंकूनही बाद फेरीबाहेर राहिला. पूर्वेतील अटलांटा संघ मात्र ३८ विजयांवर आत गेला. एक विभाग बलवान आणि दुसरा दुबळा झाला, की चांगला संघ दारातच अडतो. पण अंतिम फेरीत तेथे एक न्याय आहे : सातपैकी चार सामने घरच्या मैदानावर मिळण्याचा हक्क हंगामातील सरस कामगिरीने ठरतो, विभागाच्या नावाने नव्हे.

दारात अडण्याचा प्रकार आपल्याकडेही आहे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत २०१७ चा विजेता अभिजित कटके गादी विभागातच हर्षवर्धन सदगीरकडून हरला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. एकालाच पुढे जाता येणार होते. ही झळ दोन्ही विभागांना सारखीच बसते.

शेवटच्या जमिनीचे तसे नाही. २०१७ ते २०२५ या काळातील भूगाव, जालना, बालेवाडी, सातारा, पुणे, फुलगाव आणि अहिल्यानगर या सात ठिकाणच्या अंतिम लढती मी ताडून पाहिल्या. संघटनांच्या वादातून भरलेल्या वेगळ्या स्पर्धा यात धरलेल्या नाहीत. कटके, सदगीर, पाटील, शिवराज राक्षे, पृथ्वीराज मोहोळ हे पाच विजेते गादीचे. बालारफिक शेख आणि सिकंदर शेख हे दोनच मातीचे. भूगावला कटकेकडून हरलेला किरण भगत आपल्या सातारा जिल्ह्याचा, मातीतून आलेला.

सात लढतींवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. मल्ल दोन्हीकडे सराव करतात, विभागही स्वतः निवडतात. फुलगावला सिकंदरने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीतपट केले, तेही गादीवरच. तरीही मातीत अनवाणी पाय रुततो, गादीवर बुटाची पकड असते. हालचालीचा वेग आणि पवित्रा बदलतो. हा बदल ऐन अंतिम लढतीत एकालाच करावा लागतो.

गादीच्या बाजूने सांगितले जाणारे कारण खरे आहे : जागतिक कुस्ती तेथेच होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. मधल्या चार वर्षांत त्यांना गादी आपलीशी करावी लागली. पण ऑलिंपिक हेच ध्येय असेल, तर माती विभाग ठेवायचा कशासाठी? आणि मातीचा मान राखायचा असेल, तर तो उपांत्य टप्प्यावरच का संपावा?

आमच्याकडच्या जत्रांत पंच मंडळी वजन, वय, तयारी पाहून जोड लावतात. जोड विषम दिसली, तर प्रेक्षकच आरडाओरडा करून ती मोडायला लावतात. राज्याच्या सर्वांत मोठ्या कुस्तीला हा साधा नियम लावता येईल. एका वर्षी अंतिम लढत गादीवर, पुढच्या वर्षी मातीवर. त्यासाठी लागेल तो फक्त हलगीच्या आवाजात भरलेला लाल मातीचा एक हौदा, आणि तो तर माती विभागासाठी मैदानात आधीच तयार असतो.