मनिला : प्रशांत महासागरावरील ग्रंथांचे बंदर

आंद्रेस दे उर्दानेता या धर्मगुरूने १५६५ मध्ये फिलिपीन्सहून मेक्सिकोकडे परतण्याचा सागरी मार्ग सिद्ध केला. १५७१ मध्ये मनिला हे स्पॅनिश सत्तेचे ठाणे झाले आणि १८१५ पर्यंत, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे, मनिला व आकापुल्को यांच्यामध्ये गलबतांची ये-जा चालू राहिली. मेक्सिकोतून चांदी येई. परतीला रेशीम व चिनी मातीची भांडी जात. या व्यापाराचा इतिहास बहुधा चांदीच्या हिशेबानेच लिहिला जातो. त्याच जहाजांतून ग्रंथ, लिप्या आणि ग्रंथनिर्मितीची विद्याही प्रवास करीत होती, हे मात्र मागे पडते.

या विद्येचे खरे केंद्र मनिलाच्या तटाबाहेरील ‘परियान’ ही चिनी वस्ती होती. फुजियान प्रांतातून आलेले व्यापारी आणि कारागीर तेथे राहत. स्पॅनिश लोक त्यांना ‘सांगले’ म्हणत. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५९० च्या पत्रात एक मासलेवाईक हकिकत नोंदविली आहे. मेक्सिकोहून आलेल्या एका पुस्तक-बांधणीकाराकडे एक सांगले कामाला राहिला, धन्याचे काम न्याहाळून शिकला आणि स्वतःचे दुकान थाटून इतका सरस ठरला की धन्याला धंदाच सोडावा लागला.

१५९३ मध्ये मनिलात ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ हे धर्मशिक्षणाचे पुस्तक लाकडी ठशांवरून छापले गेले. त्यात स्पॅनिश आणि तागालोग या दोन्ही भाषा आहेत. तागालोग मजकूर रोमन अक्षरांत आणि ‘बायबायिन’ या स्थानिक लिपीतही दिला आहे. किंमत दोन रेआल, हे मुखपृष्ठाच्या मागील बाजूस हाताने लिहिलेले. पाठोपाठ चिनी भाषेतील ‘दोक्त्रिना’ही निघाली, तिच्यावर परियानमधील केंग योंग या चिनी मुद्रकाचे नाव आहे.

येथे गोव्याशी तुलना सुचते. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये, म्हणजे मनिलाच्या ३७ वर्षे आधी आला, पण तो युरोपीय खिळ्यांचा. त्यामुळे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीतच छापावे लागले. मनिलात मात्र फळीवर अक्षर कोरणारा चिनी हात उपलब्ध असल्याने खिळे ओतण्याची गरज पडली नाही आणि स्थानिक लिपी पहिल्याच पुस्तकात उतरली.

उलट दिशेच्या प्रवासाचे श्रेय हुआन कोबो या दोमिनिकन धर्मगुरूकडे जाते. ते १५८८ मध्ये मेक्सिकोमार्गे मनिलास पोहोचले आणि परियानमधील लोकांकडून चिनी शिकले. ‘मिंगशिन बाओजिएन’ (मन उजळणारा अनमोल आरसा) हा कन्फ्यूशियन, ताओ आणि बौद्ध वचनांचा २० प्रकरणांचा संग्रह चीनमध्ये मुलांच्या शिक्षणात लोकप्रिय होता. कोबो यांनी तो स्पॅनिशमध्ये आणला. युरोपीय भाषेत समग्र अनुवादित झालेला हा पहिला चिनी ग्रंथ मानला जातो. हस्तलिखितात चिनी मजकूर आणि अनुवाद समोरासमोर आहेत. सहकारी मिगेल दे बेनाविदेस यांनी ते मेक्सिकोमार्गे स्पेनला नेऊन १५९५ मध्ये युवराज फिलिप यांना अर्पण केले.

तोपर्यंत कोबो हयात नव्हते. जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडील शिष्टाईहून परतताना, १५९२ मध्ये, तैवानजवळ त्यांचा अंत झाला. (पुढील वर्षीच्या शिष्टमंडळात दुभाषा म्हणून गेलेले गोन्सालो गार्सिया हे वसईचे, १५९७ मध्ये नागासाकीत त्यांना क्रुसावर मारण्यात आले.) कोबो यांचा ‘शिलू’ हा चिनी ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १५९३ मध्ये मनिलातच छापला गेला. धर्मप्रतिपादनाबरोबर पृथ्वी गोल असल्याचे विवेचन त्यात चिनी वाचकांसाठी केले आहे.

या देवाणघेवाणीला ‘संवाद’ म्हणताना एक गोष्ट विसरता येत नाही. चिनी नीतिग्रंथ युवराजाच्या हाती देणारे बेनाविदेस पुढे मनिलाचे आर्चबिशप झाले आणि सांगल्यांची संख्या आटोक्यात आणावी, असे राजाला लिहू लागले. १६०३ च्या उठावानंतर झालेल्या कत्तलीत हजारो चिनी मारले गेले. नोंदींतील आकडे १५,००० ते २५,००० पर्यंत जातात. व्यापार त्यांच्यावाचून अडत असल्याने काही वर्षांतच वस्ती पुन्हा भरली.

मुद्रणविद्या टिकली. हुआन दे वेरा या ख्रिस्ती चिनी कारागिराने १६०२ च्या सुमारास खिळ्यांची छपाई सुरू केली होती. १६१० मध्ये तोमास पिनपिन या तागालोग मुद्रकाने आपल्या बांधवांना स्पॅनिश शिकविणारे स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले.

कोबो यांचे हस्तलिखित आणि ‘शिलू’ची प्रत आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. चिनी ‘दोक्त्रिना’ व्हॅटिकनमध्ये आहे, तर तागालोग ‘दोक्त्रिना’ची उपलब्ध असलेली एकमेव प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये.