कुत्रा कोणाचा?



रायपूर शहरातील तात्यापारा ही आमची जुनी वस्ती. ‘पारा’ म्हणजे इकडच्या बोलीत मोहल्ला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, त्यानंतर या मुलखात मराठी घरे येऊ लागली. पुढे नोकरीचाकरीच्या निमित्ताने आणखी आली. अशा वस्तीत बदलीची नोकरी करणाऱ्यांची वाण नसते. म्हणून आजच्या विषयासाठी एक प्रसंग कल्पनेने उभा करतो.

समजा, या पाऱ्यातील एका गृहस्थांची जगदलपुरास बदली झाली. घरी चार वर्षांचा कुत्रा. तिकडे जागा अपुरी. निघण्याच्या दिवशी शेजारच्या काकांच्या हाती साखळी देऊन ते म्हणाले, ‘काका, याला सांभाळा.’ दोन वर्षांनी ते परत आले आणि कुत्रा मागू लागले. इकडे काकांच्या नातवंडांना तर त्याच्याशिवाय घास गोड लागत नाही. काका म्हणतात, ‘दोन वर्षे खाऊपिऊ घातले, आजारपणात रात्री जागलो, आता तो आमचा.’ गृहस्थ म्हणतात, ‘पिलू असताना पैसे मोजून मी आणला, तो माझा.’ हा कुत्रा कोणाचा?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण मुक्या जनावराच्या मालकीचा तंटा आपल्याकडे फार जुना आहे. हरवलेल्या वस्तूविषयी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असा नियम आहे की, राजाने ती तीन वर्षे जपून ठेवावी आणि जो ‘ही माझी’ म्हणत येईल त्याची नीट उलटतपासणी करावी. वस्तूचे रूप, रंग, ती कोठे व केव्हा हरवली, हे ज्याला सांगता येत नाही तो दंडास पात्र. याज्ञवल्क्याने हरवलेले जनावर परत नेताना द्यावयाचे शुल्कही ठरवून दिले आहे. घोड्यासारख्या एका खुराच्या जनावरास चार पण. गाय, म्हैस आणि उंट यांना दोन. शेळीमेंढीस पाव पण. त्या यादीत कुत्रा मात्र नाही.

पुराव्याची एक नामी युक्ती जातककथांतील महोसध पंडिताच्या नावावर आहे. एकाचे बैल दुसऱ्याने पळवले आणि दोघेही मालकी सांगू लागले. पंडिताने विचारले, ‘बैलांना खायला काय घातले?’ चोराने पेज, तीळ, कडधान्य अशी थाटाची यादी सांगितली. मालक म्हणाला, ‘मी गरीब, गवतच घातले.’ पंडिताने बैलांना वांतीचे औषध पाजले आणि बाहेर पडले ते गवत! साक्षीदार फितूर होतील, जनावराचे शरीर खोटे बोलणार नाही, हे त्या कथेचे मर्म आहे.

मराठ्यांच्या इतिहासात तर याहून नवल घडले. सातारच्या शाहू छत्रपतींच्या आवडत्या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव वाचवला होता. महाराजांनी त्या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मानही दिला, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. ज्याची मालकी माणसे सांगतात तो प्राणीच येथे जहागीरदार झाला! पण ती राजाची मर्जी होती. रयतेचे तंटे मर्जीवर सुटत नाहीत.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि रायपूर थेट इंग्रजी अमलाखाली आले. गंमत अशी की, खुद्द इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात कुत्रा नेणे ही चोरीच गणली जात नसे. कुत्रा हा हलक्या जातीचा प्राणी, केवळ हौसेसाठी पाळलेला, असे ते शास्त्र. पुढे पार्लमेंटने निरनिराळे कायदे करून ही उणीव थोडीथोडी भरून काढली. तरी १८४० नंतरच्या दशकात लंडनमध्ये कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्यांच्या टोळ्या होत्या. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांना आपला फ्लश हा कुत्रा पैसे भरून सोडवून आणावा लागला होता.

भारतीय दंडसंहितेने ही भानगड ठेवली नाही. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये तिचा मसुदा केला, १८६० मध्ये ती संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या दृष्टीने जमीन व जमिनीस जखडलेल्या वस्तू सोडून सर्व मूर्त मालमत्ता जंगम. तीत कुत्राही आला. चोरीची व्याख्या करणाऱ्या ३७८व्या कलमाखाली एक दाखला कुत्र्याचाच आहे. एखाद्याने कुत्र्याला आवडेल असे आमिष खिशात ठेवले आणि दुसऱ्याचा कुत्रा लबाडीने आपल्यामागे यावा असे केले, तर कुत्रा त्याच्या मागे चालू लागताच चोरी पूर्ण झाली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हा दाखला तिच्यातही कायम आहे. त्याचा अर्थ लक्षात घ्या. कुत्रा आपल्या पायांनी गेला, आनंदाने गेला, तरी त्याचे जाणे म्हणजे मालकाची संमती नव्हे.

हे तत्त्व कसाला लागलेले एक प्रकरण फार दूरचे नाही. रायपूरप्रमाणेच एके काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडणारे होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम. तेथे २०२० च्या अखेरीस एका काळ्या लॅब्रेडोर कुत्र्यावर दोघांनी मालकी सांगितली. एकाने त्याचे नाव कोको सांगितले, दुसऱ्याने टायगर. कुत्रा दोघांशीही सलगीने वागे. तेव्हा त्याच्या शेपटीच्या साक्षीवर निकाल लावावा कसा? एका दावेदाराचे म्हणणे होते की, पिलू पचमढीहून आणले. पोलिसांनी कुत्र्याचे रक्त घेतले आणि त्याच्या पचमढीतील जन्मदात्याच्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहण्यास पाठवले. २०२१ मध्ये अहवाल आला, तो जुळला, आणि कुत्रा त्या दावेदाराकडे गेला. महोसधाची युक्तीच प्रयोगशाळेत जाऊन आली म्हणायची!

परंतु आपल्या तात्यापाऱ्यातील तंट्यात डीएनए काय करणार? कुत्रा तोच आहे, याविषयी वाद नाही, चोरीही नाही. वाद आहे तो साखळी देताना उच्चारलेल्या एका शब्दाचा. ‘घ्या’ म्हटले असते तर ते दान होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे जंगम वस्तूचे दान ती हाती सोपवल्यानेही पुरे होते. पण ‘सांभाळा’ म्हटले. ती ठेव झाली. धर्मशास्त्रांनी जिला ‘निक्षेप’ म्हटले आणि अठरा व्यवहारपदांत स्थान दिले, तीच ही ठेव १८७२ च्या करार कायद्यातही आहे. ठेव मालकास परत करावी लागते. ठेवलेल्या गाईला वासरू झाले तर तेही परत द्यावे, असा दाखला तेथे आहे. मात्र मोबदला न घेता सांभाळणाऱ्यास त्यापायी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून दिला पाहिजे. परत देण्यास नकार मिळाल्यास त्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावता येतो. स्मृतीतील तीन वर्षांशी ही मुदत जुळावी हा योगायोग मौजेचा आहे.

पुराव्याचा भार कोणावर? वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक नाही असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, हा साक्षी पुराव्याचा नियम. म्हणजे परत आलेल्या गृहस्थांना खरेदीची पावती, लस टोचल्याची नोंदवही, जुनी छायाचित्रे दाखवावी लागतील. हे सारे जमले तर कायदा त्यांच्या बाजूने आहे.

येथे थांबलो तर उत्तर अर्धेच राहील. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्याने आला. त्यात ‘मालक’ या शब्दात प्राणी ज्याच्या ताब्यात असेल तोही येतो. मूळ मालकाची संमती असो वा नसो. हक्क कोणाचाही असो, भाकरपाण्याची जबाबदारी ताब्याबरोबर चालते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूच्या निकालात प्राण्याच्या जीवनालाही स्वतःचे मोल आहे असे सांगितले. अमेरिकेतील अलास्का राज्यात २०१७ पासून घटस्फोटाच्या वेळी पाळीव प्राण्याचे हित न्यायाधीशाने पाहावे असा कायदा आहे. स्पेनमध्येही २०२२ पासून तसाच विचार होतो. ‘कोणाचा?’ या प्रश्नाशेजारी आता ‘कोठे सुखी?’ हा दुसरा प्रश्न उभा राहिला आहे.

प्रकरण ठाण्यावर गेले तर कुत्रा ‘मुद्देमाल’ होतो. पंचनामा होतो, सुपूर्दनाम्यावर कोणाच्या तरी हवाली होतो, आणि तारखा पडत राहतात. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. दिवाणी दाव्याचे किती, हे मी सरकारी नोकराने सांगण्याची गरज नाही.

म्हणून माझा कौल असा. कायद्याने कुत्रा गृहस्थांचा. त्यांनी काकांचा खर्च मान्य करावा आणि उपकारही मान्य करावेत; आणि घरे एका भिंतीची असतील तर नातवंडांसाठी फाटक उघडे ठेवावे. आणि पुन्हा बदलीचा हुकूम आला तर साखळी देताना दोन ओळींची चिठ्ठीही द्यावी. ‘घ्या’ की ‘सांभाळा’, एवढेच तीत लिहावे. त्या एका शब्दावर शेजार टिकतो.