कर्करोगाच्या प्रसाराची प्रयोगशालेय प्रारूपे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कर्करोगाने दगावणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाही. त्या गाठीपासून सुटलेल्या पेशी यकृत, फुप्फुसे, हाडे वा मेंदू येथे जाऊन दुय्यम गाठी निर्माण करतात आणि त्याच घातक ठरतात. मेटास्टॅसिस या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया मानवी शरीरात घडत असताना टप्प्याटप्प्याने पाहणे जवळजवळ अशक्य असते. शवविच्छेदनात दिसतो तो तिचा शेवट. त्यामुळे तिचे ज्ञान मोठ्या प्रमाणात प्रारूपांवर विसंबून राहिले आहे. कोणत्या प्रारूपाने काय दाखविले आणि काय झाकून ठेवले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मूळ प्रश्न मात्र प्रयोगशाळेबाहेरचा आहे. इंग्लिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने झालेल्या ७३५ मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. त्यांत यकृतात दुय्यम गाठी २४१ वेळा आढळल्या, तर प्लीहेत केवळ १७ वेळा. रक्तातून वाहणाऱ्या पेशी दोन्ही अवयवांत पोहोचत असणार. मग एवढी तफावत का? पॅजेट यांनी बीज आणि भूमी यांचा दृष्टान्त देऊन असे प्रतिपादन केले की, बीज सर्वत्र विखुरले तरी अनुकूल भूमीतच ते रुजते. पुढे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२८ मध्ये याउलट मत मांडले. त्यांच्या मते रक्तवाहिन्यांची रचना हेच पुरेसे स्पष्टीकरण होते. पेशी जेथे प्रथम अडकतात तेथेच त्या वाढतात. हे मत सुटसुटीत होते आणि ते दीर्घकाळ प्रभावी राहिले. शवविच्छेदनाच्या आकडेवारीने या वादाचा निकाल लागणे शक्य नव्हते.

निकालाची शक्यता निर्माण झाली ती उंदरांमुळे. सी५७बीएल/६ या वाणाच्या उंदरात १९५४ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत आपोआप उद्भवलेला बी१६ मेलॅनोमा हा या इतिहासातील एक नायकच म्हणावा लागेल. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये या पेशींवर किरणोत्सारी आयोडीनची खूण करून त्या उंदराच्या शेपटीतील शिरेत टोचल्या. बहुतेक पेशी फुप्फुसात पोहोचल्या. पण हजारी एक किंवा त्याहूनही कमी पेशी तेथे तग धरू शकल्या. अडकणे आणि रुजणे या दोन भिन्न घटना आहेत, हे येथे प्रथमच आकड्यांत दिसले. १९७३ साली त्यांनी फुप्फुसातील गाठींच्या पेशी काढून, वाढवून पुन्हा टोचण्याचे चक्र दहा वेळा चालविले आणि अधिक प्रसारक्षम असा बी१६-एफ१० हा वंश मिळविला.

तथापि युइंग यांचा आक्षेप उरतच होता. शेपटीच्या शिरेतील रक्ताला पहिली केशवाहिन्यांची जाळी फुप्फुसातच भेटते. तेव्हा गाठी तेथे व्हाव्यात यात नवल ते काय? इयन हार्ट आणि फिडलर यांनी १९८० मध्ये दिलेले उत्तर या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणा प्रयोग आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांनी फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे उंदरांच्या स्नायूंत रोवले आणि नंतर शिरेतून बी१६ पेशी सोडल्या. रोवलेल्या फुप्फुसाच्या व अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी वाढल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यांत वाढल्या नाहीत. स्थान तेच, रक्तपुरवठ्याचा मार्ग तोच; भेद होता तो भूमीचा.

मानवातही याचा पडताळा एका अनपेक्षित मार्गाने मिळाला. कर्करोगामुळे पोटात साचणारा द्रव नळीद्वारे मानेतील शिरेत सोडण्याचा उपचार काही रुग्णांवर केला जात असे. त्या द्रवासोबत असंख्य कर्कपेशी थेट रक्तात जात; एका अर्थी उंदराच्या शेपटीतला प्रयोगच माणसावर घडत होता. डेव्हिड टॅरिन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नोंदविले की, त्यामुळे दुय्यम गाठींचा धोका म्हणण्यासारखा वाढला नव्हता.

एवढे यश मिळविणाऱ्या या सुईने एक गोष्ट मात्र वगळली होती. मूळ गाठीतून सुटणे, आसपासच्या ऊती भेदणे, रक्तवाहिनीत शिरणे हा सारा पूर्वार्ध शिरेत टोचलेल्या पेशींना करावाच लागत नाही. दुसरीकडे, कोपनहेगनमध्ये रीगार्ड व पोव्हल्सेन यांनी १९६९ मध्ये रोगप्रतिकारक्षमता क्षीण असलेल्या केशहीन उंदरांत मानवी गाठ वाढवून दाखविली, तेव्हापासून मानवी गाठी उंदराच्या त्वचेखाली वाढविण्याचा प्रघात पडला. त्या वाढत, पण क्वचितच पसरत. तीच गाठ मूळ अवयवात रोवली तर ती पसरण्याची शक्यता वाढते, हे नंतर लक्षात आले. तरीही त्वचेखालची गाठ टिकून राहिली; पट्टीने मोजता येते, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण नाकारता येणार नाही.

या सोयीची किंमत औषधसंशोधनाने मोजली. ऊती विरघळविणाऱ्या विकरांना रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधे प्राण्यांत आशादायक ठरली होती. परंतु मानवी चाचण्यांपैकी बहुतेकींत अपेक्षित लाभ दिसला नाही. उंदरांना औषध बहुधा प्रसाराच्या आरंभीच मिळाले होते, रुग्णांना ते रोग सर्वत्र पोहोचल्यावर.

या विसंगतीवर टोरांटो येथील रॉबर्ट कर्बेल यांच्या गटाने थेट बोट ठेवले. त्यांनी उंदरातील स्तनाची मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढून टाकली, दुय्यम गाठी वाढू दिल्या आणि मगच औषध सुरू केले. म्हणजे रुग्णालयातील क्रम प्रयोगशाळेत आणला. २००६ साली त्यांनी यूएफटी व सायक्लोफॉस्फमाइड या तोंडाने देण्याच्या औषधांची जोडी अल्प मात्रेत, खंड न पाडता देऊन पाहिली. मूळ गाठीवर तिचा परिणाम नगण्य होता. प्रसार झालेल्या उंदरांचे आयुष्य मात्र तिने लक्षणीयरीत्या वाढविले. केवळ मूळ गाठ मोजणाऱ्या प्रयोगशाळेने ही जोडी पहिल्याच फेरीत बाद केली असती.