दागिना : अंगावरची ओळख

वसई, प्रतिनिधी : दागिना शोभेसाठी घातला जातो, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात घालणाऱ्या व्यक्तीविषयी तो बरेच काही बोलत असतो. स्त्री कोणत्या समाजाची, विवाहित की अविवाहित, घर सुखवस्तू की बेताचे, याचा अंदाज पाहणारा तिच्या गळ्याकडे, मनगटाकडे आणि पायाच्या बोटांकडे पाहूनच बांधतो. म्हणूनच दागिना अंगावर चढला वा उतरला की त्या व्यक्तीची समाजातील प्रतिमाही बदलते.

वसई-विरार परिसर याचे बोलके उदाहरण आहे. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगिजांची सत्ता होती. या काळात अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांनी लुगडे आणि पारंपरिक दागिने सोडले नाहीत. आज हा पेहराव नित्याचा राहिलेला नाही, तरी लग्नसमारंभांत व सांस्कृतिक महोत्सवांत तो अभिमानाने मिरवला जातो. अर्नाळा, पाचूबंदर येथील कोळी समाजात अंगावरचे सोने म्हणजे अलंकार, तसेच अडीअडचणीची पुंजीही. विरार लोकलने नोकरीला जाणाऱ्या अनेक जणी मात्र चोरीच्या धास्तीने सोने घरी ठेवून खोटे दागिने घालतात. धातू बदलतो, ओळख तीच राहते.

परंपरेविषयीचे आपले समजही तपासून पाहण्याजोगे आहेत. मराठमोळेपणाची खूण मानली जाणारी नथ अतिप्राचीन नाही. भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांच्या अभ्यासानुसार, इसवी सन १०००च्या सुमारापूर्वीच्या संस्कृत वाङ्मयात नाकातील अलंकाराचा उल्लेख आढळत नाही.

दागिना मान देतो, तसा तो माणसाला खालच्या पायरीवर जखडूनही ठेवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हे नेमके ओळखले होते. डिसेंबर १९२७मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी गळ्यातील गळसऱ्या आणि हातातील कोपरभर कथलाच्या वा चांदीच्या गोट-पाटल्या या अस्पृश्यतेच्या खुणा असल्याचे सांगितले व त्या टाकून देण्याचे आवाहन केले. लुगडे नेसण्याची पद्धतही बदलावी, असा त्यांचा आग्रह होता. दागिना उतरवणे ही तेथे स्वाभिमानाची कृती ठरली.

वैधव्यात याच्या उलट घडते. पतीच्या निधनानंतर मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथांमुळे स्त्रीची ओळख क्षणात पुसली जाते आणि मंगलकार्यातील तिचे स्थानही जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात, मे २०२२मध्ये, या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा आदर्श घ्यावा, असे सुचवले.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी अशी आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५च्या कलम ७मध्ये रूढ विधींचा आणि सप्तपदीचा उल्लेख आहे, मंगळसूत्राचा नाही. लग्नात स्त्रीला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन असते आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६च्या कलम १४नुसार हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक असते. पतीच्या निधनानेही हा हक्क संपत नाही.

महाडमध्ये स्त्रियांना दागिने उतरवण्यास सांगितले गेले, हेरवाडमध्ये ते अंगावर राहू देण्याचा ठराव झाला. वरकरणी या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. दोन्हींतील मागणी मात्र एकच आहे : अंगावर काय असावे, हे रूढीने नव्हे, तर त्या स्त्रीने ठरवावे.