मैदानावरचा सजदा

गोल होतो. स्टेडियम उसळते. गोल करणारा खेळाडू कोपऱ्याकडे धावतो, सोबत्यांच्या मिठ्या सोडवून घेतो आणि गुडघे टेकून गवतावर कपाळ ठेवतो. हे सगळे दोन-तीन सेकंदांत संपते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. मोहम्मद सलाहच्या या दोन-तीन सेकंदांवर मात्र जगभरचे फुटबॉलशौकीन वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. हा शुक्राचा सजदा की कॅमेऱ्यासमोरचा देखावा? हा माणूस पुरता मुसलमान की सोयीपुरता? आणि इतकी माणसे ज्याच्या मागे चालायला तयार आहेत, तो पुढारी म्हणून उभा राहतो की फक्त खेळाडू म्हणून? उर्दूत सलाह म्हणजे मसलत आणि अरबीत सलाह म्हणजे सद्‌वर्तन. या खेळाडूला दोन्ही अर्थांनी सलाह देणाऱ्यांची वाण कधी पडली नाही.

वादाकडे वळण्यापूर्वी ज्या शहरात तो रंगला त्या शहराचा थोडा इतिहास पाहू, कारण तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. लिव्हरपूलमधील विल्यम हेन्री क्विलियम हे वकील मोरोक्कोच्या सफरीवर गेले आणि १८८७ साली इस्लाम स्वीकारून अब्दुल्ला क्विलियम झाले. १८८९ मध्ये त्यांनी ब्रोअम टेरेसवरील एका घरात मशीद उघडली. ती इंग्लंडमधील पहिली मशीद समजली जाते. तिथे नमाज होई, अनाथ मुलांची सोय होई, वर्तमानपत्र निघे. पुढे तुर्की सुलतान अब्दुल हमीद दुसरा यांनी क्विलियम यांना ब्रिटिश बेटांचे शेख-उल-इस्लाम नेमले. पण याच घराच्या सज्जातून अजान दिली की रस्त्यावरचा जमाव दगड आणि चिखल फेकत असे. लिव्हरपूल फुटबॉल क्लब १८९२ साली स्थापन झाला, म्हणजे मशीद आणि क्लब यांच्या वयात तीनच वर्षांचे अंतर. दगड फेकणाऱ्यांपैकी काही जण शनिवारी अ‍ॅनफिल्डवर सामना पाहायला जात असतील, असे समजायला हरकत नाही.

याच बंदरात हिंदी खलाशी उतरत. क्विलियम यांनी त्यांच्यापैकी कित्येकांची जनाजाची नमाज पढवली. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडच्या आपल्या कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा असे. त्यामुळे अजान आणि दगड यांची ही हकीकत आम्हाला परक्या देशाची वाटत नाही. १९०८ मध्ये क्विलियम शहर सोडून गेले आणि मशीद बंद पडली. ती वास्तू पुन्हा मशीद म्हणून उघडायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

अशा शहरात २०१७ च्या उन्हाळ्यात सलाह आला. १५ जून १९९२ रोजी नाईलच्या खोऱ्यातील नग्रिग या खेड्यात त्याचा जन्म झाला. कैरोतल्या अल मुकावलून क्लबच्या सरावासाठी हा पोरगा अनेक बसगाड्या बदलत जायला चार आणि यायला चार तास घालवी. १ फेब्रुवारी २०१२ रोजी पोर्ट सईदच्या मैदानात दंगल उसळली आणि सत्तरावर प्रेक्षक मेले. इजिप्तची लीग बंद पडली आणि हा विशीतला मुलगा स्वित्झर्लंडच्या बाझल क्लबकडे गेला. पुढे इटलीत फिओरेन्टिनाकडून खेळताना त्याने पाठीवर ७४ हा आकडा घेतला. पोर्ट सईदला गेलेल्यांची ती याद होती. त्याला दिखाऊ म्हणणाऱ्यांनी हा आकडाही विचारात घ्यावा. इटलीतल्या किती प्रेक्षकांना त्याचा अर्थ लागला असेल?

बाझलमध्येच पहिला मोठा वाद झाला. २०१३ साली चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत गाठ पडली ती इस्राएलच्या मकाबी तेल अवीवशी. तिथे जाऊ नकोस, असा दबाव इजिप्तमधून आला. पहिल्या सामन्याआधी हस्तांदोलन चालू असताना हा बूट बदलण्याच्या निमित्ताने बाजूला राहिला. तेल अवीवला मात्र तो गेला. तिथे हात मिळवण्याऐवजी त्याने मूठ पुढे केली आणि गोलही केला. एका बाजूने त्याला असभ्य म्हटले, दुसऱ्या बाजूने भित्रा. एकवीस वर्षांच्या मुलाने काढलेली ही वाट आम्हाला मोठी धीट वाटत नाही, पण खोटीही वाटत नाही. पुढच्या साऱ्या वादांचा नमुना इथेच पडला. दोन्ही किनाऱ्यांवरची माणसे त्याला आपल्याकडे ओढतात आणि तो मधल्या पाण्यात पोहत राहतो.

लिव्हरपूलच्या पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. ३८ सामन्यांच्या मोसमातील तो तेव्हाचा विक्रम होता. सर्व स्पर्धा मिळून गोल झाले ४४. तेवढ्यात अ‍ॅनफिल्डच्या प्रेक्षकांनी एका जुन्या पॉप गाण्याच्या चालीवर त्याच्यावर कवन रचले. त्याचा आशय असा, की हा असेच आणखी गोल करणार असेल तर आम्हीही मुसलमान होऊ आणि मशिदीत जाऊन बसू. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या शहरात अजानवर दगड पडत, तिथे हजारो गोरी माणसे मशिदीचे नाव तालावर गाऊ लागली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर अभ्यास केला, तो २०२१ मध्ये नामांकित शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. सलाह आल्यानंतर लिव्हरपूल परिसरातील द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाले आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांनी ट्विटरवर मुसलमानांविषयी लिहिलेल्या मजकुरातील द्वेषाचे प्रमाण जवळजवळ अर्ध्यावर आले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही बातमी आमच्याकडे मोठ्या कौतुकाने वाचली गेली आणि कौतुक रास्तच आहे. पण त्या कवनातली अट लक्षात घ्या. 'गोल करणार असेल तर.' सलाह गोल करतो म्हणून त्याचा मजहब गोड. त्याच गल्लीतला टॅक्सी चालवणारा यमनी किंवा किराणा विकणारा सोमाली गोल करत नाही, त्याचे काय? संशोधकांचे आकडे सांगतात की त्यालाही थोडा फायदा झाला, आणि आम्ही ते मान्य करतो. तरीही एका माणसाच्या पायावर साऱ्या जमातीची अब्रू तोलली जाणे हे त्या पायाला फार जड ओझे आहे. तो पाय मुरगळला की काय होते, हे आपल्याला हिंदुस्थानात कोणी शिकवायला नको. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानविरुद्धचा क्रिकेट सामना हरल्यावर साऱ्या संघातून एकट्या मोहम्मद शमीच्या वाट्याला काय आले, ते सर्वांनी वाचले आहे.

आता देखाव्याचा मुद्दा. आपल्या परंपरेत त्याला नेमका शब्द आहे, रिया. इबादत करावी ती लोकांनी पाहावी म्हणून, हा तो दोष. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये जाह आणि रिया, म्हणजे लौकिकाची हाव आणि धार्मिक देखावा, यांना एकाच प्रकरणात बसवले. दोन्ही एकाच मुळावर पोसतात, हे त्यांनी ओळखले होते. फुटबॉलच्या ताऱ्याइतका लौकिक गझालींच्या काळी सुलतानालाही नसेल, तेव्हा संशय घेणाऱ्यांना अगदीच वेड्यात काढता येत नाही. पण लोक काय म्हणतील म्हणून सत्कर्म सोडणे हीसुद्धा रियाच, असेही जुने बुजुर्ग सांगून गेले आहेत. कोट्यवधी लोक पाहतात म्हणून सजदा करणे हा देखावा असेल, तर कोट्यवधी लोक पाहतात म्हणून तो टाळणे हाही देखावाच ठरेल. नियतीचा, म्हणजे नीयतचा, हिशेब प्रेक्षकांच्या बाकावर होत नसतो.

शिवाय सलाहचा खरा देखावा सजद्यात नाहीच. तो आहे इतर ठिकाणी, आणि आम्हाला तो आवडतो. एप्रिल २०१९ मध्ये चेल्सीविरुद्ध दुरून सणसणीत गोल मारल्यावर तो एका पायावर उभा राहिला आणि हात जोडून चक्क वृक्षासन केले! जानेवारी २०२० मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गोल झाल्यावर शर्ट काढून भिरकावला आणि पिवळे कार्ड घेतले. एप्रिल २०२५ मध्ये लीगचे अजिंक्यपद नक्की झाले त्या सामन्यात गोलनंतर प्रेक्षकाचा मोबाइल घेऊन मागच्या गर्दीसह सेल्फी काढला. उलट २०१८ मध्ये आपल्या जुन्या रोमा क्लबविरुद्ध दोन गोल केले तेव्हा दोन्ही हात वर करून माफी मागितल्यासारखा उभा राहिला. तमाशा कुठे करायचा आणि कुठे नाही, याची समज असलेला हा कलावंत आहे. कलावंताला देखावा वर्ज्य कसा असेल?

इमानाचा वाद सर्वांत कडवट झाला तो २०१८ च्या रमजानमध्ये. २६ मे रोजी कीव्हला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. सलाह सामन्याच्या आदल्या दिवशी आणि सामन्याच्या दिवशी रोजा धरणार नाही, असे क्लबच्या फिजिओने सांगितले. सामन्यात अर्ध्या तासातच सर्जिओ रामोसशी झटापट होऊन सलाहचा खांदा दुखावला आणि तो रडत बाहेर गेला. कुवेतमधील एका धर्मोपदेशकाने जाहीर केले की ही रोजा न धरल्याची शिक्षा. प्रवासात असलेल्याला आणि आजाऱ्याला रोजा पुढे पुरा करण्याची सवलत कुरआनानेच दिली आहे. ती सलाहला लागू पडते की नाही यावर उलेमांनी खुशाल चर्चा करावी. पण दुखावलेल्या माणसाच्या खांद्यावर अल्लाहची शिक्षा वाचून दाखवणे, हे अल्लाहच्या वतीने बोलण्याचे धाडस आहे. जवळजवळ सात वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, तेच धाडस आपल्याकडे झाले. दुबईच्या सामन्यात शमी पाणी पिताना दिसला आणि बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवले. याच शमीने २ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत वानखेडेवर श्रीलंकेचे पाच बळी घेतले आणि तो क्षणभर गुडघ्यांवर बसला, तेव्हा सजदा करणार होता पण घाबरून थांबला, अशी आवई उठली होती. सजदा करायचा असता तर मला कोण अडवणार होते, असे त्याला नंतर सांगावे लागले. केला तरी बोल, न केला तरी बोल.

डिसेंबर आला की आणखी एक वार्षिक वाद होतो. सलाह घरच्यांसह नाताळच्या झाडाजवळचे छायाचित्र टाकतो आणि त्याखाली हजारो संतापलेले शेरे पडतात. ज्याने मुलीचे नाव मक्का ठेवले, त्याला इस्लाम शिकवणाऱ्यांची ही गर्दी! २०२२ मध्ये कैरोजवळच्या इम्बाबा येथील अबू सेफीन चर्चला आग लागून चाळीसवर माणसे गेली, तेव्हा त्याने तीस लाख इजिप्शियन पाउंड दिल्याच्या बातम्या आल्या. त्यावर मात्र इतके शेरे पडले नाहीत.

आता नेतृत्व. इथे आमचे मत चाहत्यांइतके उदार नाही. इजिप्तमध्ये मोजपट्टी ठरलेली आहे, ती म्हणजे मोहम्मद अबू त्रिका. २६ जानेवारी २००८ रोजी आफ्रिका करंडकात सुदानविरुद्ध गोल करून त्याने शर्ट वर उचलला. आतल्या बनियनवर गाझाविषयी सहानुभूतीचे शब्द होते. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले. पोर्ट सईदनंतर मृतांना न्याय मिळेपर्यंत सुपर कपचा सामना खेळणार नाही म्हणून तो घरी बसला आणि क्लबची शिक्षा सोसली. पुढे सरकारची गैरमर्जी झाली, मालमत्ता गोठवली गेली, २०१७ मध्ये दहशतवाद्यांच्या यादीत नाव आले आणि त्याला कतारमध्ये राहावे लागले. त्याच २०१७ च्या आरंभी सलाहने सरकारच्या 'तह्या मस्र' निधीला मोठी देणगी दिली होती. एकाच देशाचे दोन लाडके, दोन वाटा.

सलाहच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. ८ ऑक्टोबर २०१७ रोजी काँगोविरुद्ध भरपाईच्या वेळेत पेनल्टी मारून त्यानेच देशाला २८ वर्षांनी विश्वचषकात नेले. फुटबॉल संघटनेने त्याला न विचारता संघाच्या विमानावर त्याचे चित्र रंगवले, तेव्हा तो एका बलाढ्य व्यवस्थेशी उघडपणे भांडला. परंतु २०१८ च्या विश्वचषकात संघाचा मुक्काम ग्रोझ्नीला असताना चेचन्याचा रमजान कादिरोव्ह त्याला हाताशी धरून मिरवत राहिला आणि मानद नागरिकत्वही देऊन गेला, तेव्हा याच्या तोंडून शब्द निघाला नाही. २०१९ मध्ये आपल्या संस्कृतीत स्त्रियांशी वागण्याची रीत बदलली पाहिजे असे 'टाइम' नियतकालिकात सांगितले. काही आठवड्यांतच संघातील अम्र वर्दा स्त्रियांच्या छळाच्या आरोपावरून बाहेर काढला गेला, तेव्हा स्त्रीचा नकार म्हणजे नकार असे एकीकडे लिहून दुसरीकडे माणसाला दुसरी संधी द्यावी असेही लिहिले. वर्दा संघात परतला. स्त्रियांनी विचारले, पहिले वाक्य कशासाठी लिहिले? त्यांचा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो.

आफ्रिका करंडक त्याला मिळालाच नाही. फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात पाचवी पेनल्टी त्याने स्वतःसाठी राखली होती, पण पाळी येण्याआधीच सेनेगल जिंकले. पुढच्याच महिन्यात डाकारला त्याच सेनेगलविरुद्ध तोंडावर लेसरचा हिरवा झोत पडत असताना त्याने पेनल्टी वर मारली आणि विश्वचषक हुकला. जानेवारी २०२४ मध्ये घानाविरुद्ध दुखापत झाल्यावर तो उपचारांसाठी संघ सोडून लिव्हरपूलला गेला. कर्णधाराने लंगडत का होईना, संघाजवळ बसायला हवे होते, असे माजी खेळाडू म्हणाले. वैद्यकीयदृष्ट्या त्याचा निर्णय योग्य असेल. पण इजिप्तमध्ये दंडावरची पट्टी ज्येष्ठतेने मिळण्याची रीत होती, त्यामुळे कर्णधार हा घरचा थोरला भाऊ मानतात, आणि थोरला भाऊ अडचणीत घर सोडत नाही.

गाझाच्या बाबतीत तर त्याचे अनेक चाहते त्याच्यापासून तुटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॉम्ब पडत असताना तो दिवसेंदिवस गप्प राहिला. १८ ऑक्टोबरला बोलला ते मदत आत जाऊ द्या आणि सर्वांचे जीव पवित्र आहेत, इतके. कोणी म्हणाले अबू त्रिका असता तर, कोणी म्हणाले त्याच्या नोकरीवर गदा आली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅलेस्टाइनचा माजी फुटबॉलपटू सुलेमान अल ओबेद गाझात मारला गेला. युरोपीय फुटबॉल संघटनेने दोन ओळींची श्रद्धांजली वाहिली, त्यात मृत्यूचे कारण नव्हते. सलाहने तिथेच जाहीरपणे विचारले, तो कसा मेला, कुठे आणि का? तीन छोटे प्रश्न होते. संघटना तेव्हा निरुत्तर राहिली, आणि कैरोच्या चहाखान्यांत जुना वाद नव्याने सुरू झाला. कोणी म्हणत होते, फार उशीर केला. कोणी म्हणत होते, विचारले तर त्यानेच.