छत कोसळलेले मठमंदिर



युरोपात अकराव्या-बाराव्या शतकांत मठवासी साधूंनी जी ख्रिस्तमंदिरे उभारली, त्यांची ओळख जाड भिंती व अर्धवर्तुळाकृती कमानी यांवरून पटते. या बांधणीस रोमनेस्क असे नाव आहे. गोव्यातील मठ पुष्कळ नंतरचे. त्यांची धाटणीही निराळी. परंतु दगडी कमानी छताची ती जुनी विद्या, आणि तिच्यातला धोका, जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष पाहताना चांगला उमगतो.

ऑगस्टीनियन साधू १५७२ साली गोव्यास आले. त्यांचे मंदिर १६०२ साली पुरे झाले. बांधताना छत दोनदा ढासळले, तेव्हा तिसऱ्या खेपेस शिल्पकार आपल्या एकुलत्या मुलासह छताखाली उभा राहिला व त्याने तोफ डागावयास सांगितले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तिच्यातली भीती खरी आहे. असले छत आपल्या भाराने भिंतींना सतत बाहेर रेटीत असते.

आम्हां पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना काळ्या दगडाची सवय. गोव्याचा जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, वाऱ्यावर कठीण होतो. पण तो सच्छिद्र. चुन्याचा गिलावा वेळोवेळी झाला नाही, तर पावसापुढे त्याचा टिकाव लागत नाही. आणि १८३५ साली सरकारने मठच बंद केले! गिलावा करणार कोण? १८४२ साली छत कोसळले. घंटा पुढे पणजीच्या मंदिरात गेली. १९३१ साली दर्शनी भाग व बुरुजाचा अर्धा भाग पडला. उरलेला बुरूज सुमारे ४६ मीटर उंच आहे.

या ढिगाऱ्यात एक ठेव होती. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिला, म्हणून १६२४ साली इराणात शिराझ येथे तिचा छळ करून वध झाला. साधूंनी तिच्या काही अस्थी गोव्यास आणून मठात ठेवल्या. जुन्या कागदांत त्यांची जागा खिडकीच्या खुणेसह लिहिलेली होती; पण छत गेले, भिंती गेल्या, खिडकी ओळखावी कशी? अखेर पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात अस्थी मिळाल्या. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा त्यांत जॉर्जियात आढळणारा वंशगुण दिसला. २०२१ साली त्यांतील काही अस्थी भारताने जॉर्जियास अर्पण केल्या.

बुरूज मात्र तेथेच उभा आहे.